पाण्यापलीकडचे घर : कोयनेच्या फुगवट्याकाठी दोन रात्रींचा मुक्काम

बामणोलीच्या धक्क्यावरून होडीने पाऊण तास गेल्यावर, शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या तीरावर, चाळीसेक उंबऱ्यांचे एक गाव लागते. त्या गावातील एका शेतकरी कुटुंबाने राहत्या घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. मी, माझी पत्नी आणि पंचाहत्तरी ओलांडलेले माझे वडील असे आम्ही तिघे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे दोन रात्री राहिलो. परत निघेपर्यंत त्या गावावर आमचा इतका जीव जडला होता की, हा अभिप्राय लिहिताना तोल सांभाळण्याचा प्रयत्न मला मुद्दाम करावा लागत आहे. गैरसोयी होत्या आणि त्या पुढे लिहिल्या आहेत, कारण वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांना त्या आधी कळायला हव्यात.

घराचे आणि गावाचे नाव मी देत नाही, कारण घरच्यांनीच तशी विनंती केली. दोन खोल्यांत एका वेळी सहा माणसांच्या वर सोय होत नाही, आणि नाव फिरू लागले की न कळवता दारात आलेल्यांना परत पाठवण्याची वेळ येते, ती त्यांना नको आहे. ज्यांना मनापासून जायचे असेल त्यांनी बामणोलीला उतरून होडीवाल्यांकडे चौकशी करावी. अशी चार-सहा घरे त्या काठावर आहेत आणि होडीवाल्यांना ती सगळी ठाऊक आहेत.

आम्ही सांगलीचे. गावभागात आमचे जुने घर आहे आणि त्याच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर पाण्याच्या दोन रेघा आहेत, एक २००५ ची आणि तिच्यावर २०१९ ची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी धरतात, यावरून काय झाले असेल ते कळावे. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर पावसाळ्यात एका वहीत रोज तीन आकडे लिहितात : कोयना धरणातील साठा किती टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), विसर्ग किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) आणि आयर्विनची पातळी किती फूट. सांगलीकराची कोयनेशी ओळख आहे ती ही अशी, आकड्यांतून. धरणाची उंची १०३ मीटर, साठवण क्षमता १०५ टीएमसीच्या वर, वीजप्रकल्प १,९६० मेगावॉटचा, हे सगळे अण्णांना तोंडपाठ आहे. परंतु ते पाणी जिथे साठून राहते तो मुलूख त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. ही जागा मी निवडली ती त्यांच्यासाठी.

सांगलीहून पेठ नाका, कराड करत साताऱ्यापर्यंत सुमारे सव्वाशे किलोमीटर होतात. कराडला प्रीतिसंगमावर आम्ही अर्धा तास थांबलो. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात आणि मग कृष्णेच्या नावाने आमच्याकडे येतात. पुढे सातारा, यवतेश्वरचा घाट आणि कासचे पठार. पठारावरचा फुलांचा बहर ओसरला होता, कडेकडेने सोनकीची पिवळी फुले मात्र अजून होती. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पठाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यात भर घालत नाही. कास ओलांडून रस्ता खाली उतरू लागतो, झाडी दाट होते आणि साताऱ्यापासून साधारण पस्तीस किलोमीटरवर बामणोली येते. साताऱ्याहून एसटीही येते, परंतु तिच्या वेळा होडीच्या वेळेशी जुळतात की नाही हे आधी विचारून घ्यावे.

होडी ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा आली. उन्हात, बसायला धड सावली नसलेल्या धक्क्यावर वडिलांना घेऊन थांबणे त्रासाचे झाले आणि त्याबद्दल मी नाराजी व्यक्तही केली. होडीत मात्र प्रत्येकाला अंगात घालायचे सुरक्षा जाकीट मिळाले आणि ते घातल्याशिवाय होडीवाल्याने इंजिन सुरू केले नाही, याची नोंद करायला हवी.

धरण भरलेले होते. सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेला जिथे मिळतात तो सगळा भाग एकच एक पाणी झालेला होता आणि दूरवर वासोट्याचा कडा दिसत होता. अण्णा होडीच्या काठाला धरून बसले होते. काही वेळाने ते म्हणाले, "शंभर टीएमसी म्हणजे एवढं असतं होय." सांगलीत चाळीस वर्षे जो आकडा त्यांनी वाचला आणि लिहिला त्याला त्या क्षणी लांबी, रुंदी आणि रंग मिळाला, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

पलीकडे उतरल्यावर घरापर्यंत दहा मिनिटांची चढण आहे. पायऱ्या ओबडधोबड दगडांच्या, पावसाळ्यातले शेवाळ अजून न वाळलेल्या, आणि धरायला कठडा नाही. अण्णांना ही चढण चढायला पंचवीस मिनिटे लागली. घरमालक, ज्यांना आम्ही पुढे दादा म्हणू लागलो, काठी घेऊन खाली आले होते. त्यांनी काठी अण्णांच्या हातात दिली आणि स्वतः सगळा वेळ त्यांच्या मागे एक पायरी सोडून चालत राहिले. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी या चढणीचा विचार केल्याशिवाय इथे येऊ नये.

घर जांभ्या दगडाचे, मंगलोरी कौलांचे. पुढे पडवी, आत माजघर, बाहेर शेणाने सारवलेले अंगण आणि अंगणाच्या कडेला भाताची खाचरे पायरीपायरीने पाण्याकडे उतरत गेलेली. भात पिवळे पडू लागले होते. पाहुण्यांच्या खोल्या नव्या आहेत, तरी त्या घरासारख्याच दिसतील याची काळजी बांधताना घेतलेली आहे : तेच कौल, तीच बसकी खिडकी, फरशीऐवजी साधा कोबा. खोलीत दोन खाटा, एक टेबल, कपडे अडकवायला खुंट्या, सौरदिवा आणि अंथरुणावर स्वच्छ धुतलेल्या वाकळा. एवढेच आहे आणि ते पुरते. गाद्या मात्र पातळ आहेत. दुसऱ्या रात्री आम्ही प्रत्येकी एक वाकळ जास्तीची खाली घातली तेव्हा पाठ धरायची थांबली.

जेवणाविषयी मला थोडे सविस्तर लिहू द्यावे. आम्ही शाळवाची भाकरी खाणारी माणसे. वहिनींनी पहिल्या रात्री तांदळाची भाकरी वाढली, पांढरीशुभ्र, कडेपर्यंत सारखी पातळ, आणि तिच्याबरोबर जलाशयातल्या माशाचे कालवण. कालवणात खोबरे अगदी बेताचे, तिखट हाताने कुटलेले, आणि आंबटपणा कोकमाचा. सांगलीच्या रश्श्याची सवय असलेल्या जिभेला ते पहिल्या घासाला सौम्य वाटले, आणि तिसऱ्या घासापर्यंत माशाची स्वतःची चव कळू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी नाचणीची भाकरी, हुलग्याचे पिठले, कारळ्याची चटणी, परसातल्या काकडीची कोशिंबीर आणि घरच्या भाताचा वाफाळता भात. या तांदळाला विकतच्या तांदळाचा मोकळेपणा नाही, तो थोडा चिकट आणि जाड आहे, पण नुसत्या मिठावर आणि तुपावर खावासा वाटतो. माझी पत्नी स्वयंपाकाच्या बाबतीत सहजी कोणाला मानत नाही. ती दोन्ही दिवस चुलीपाशी वहिनींच्या शेजारी बसून होती आणि तांदळाच्या पिठाची उकड किती पाण्यात काढायची हे तिने तीनदा विचारून घेतले. सकाळच्या न्याहारीला एक दिवस पोहे, एक दिवस घावन. चहा गुळाचा हवा की साखरेचा, हे पहिल्याच दिवशी विचारले गेले आणि नंतर कोणाचाही चहा चुकला नाही.

येथे ताटात काय येईल ते घरात काय आहे यावर ठरते. हॉटेलसारखी यादी समोर येणार नाही. ज्यांची पथ्ये आहेत त्यांनी आधी फोनवर सांगावे. अण्णांना तिखट चालत नाही हे आम्ही सांगून ठेवले होते, त्यामुळे त्यांच्यासाठी दोन्ही दिवस भाजी वेगळी निघाली आणि त्याचे वेगळे पैसे लावले गेले नाहीत. पहिल्या रात्री जेवायला साडेनऊ वाजले, ते आम्हाला उशिराचे झाले. तसे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी आठला पाने मांडली होती.

दादांनी वीस वर्षे मुंबईत बाजारात माथाडीचे काम केले. या खोऱ्यातील जवळजवळ प्रत्येक घराचे एक माणूस मुंबईला असते आणि गावात राहतात ती म्हातारी माणसे, असे त्यांनी सांगितले. टाळेबंदीत ते परत आले आणि पुन्हा गेले नाहीत. त्यांची मुलगी साताऱ्याला शिकते. दोन खोल्यांच्या उत्पन्नात तिचे शिक्षण निघते, आणि मुंबईची खोली सोडली याचे आता वाईट वाटत नाही, हे ते अगदी सहज, दोर वळता वळता बोलले. आपण देतो ते पैसे कुठे जातात हे प्रवासात क्वचितच इतके स्पष्ट समजते.

आता ज्या गोष्टीमुळे हे गाव आमच्या मनातून जात नाही, ती सांगतो. दादांच्या आई ऐंशीच्या पुढच्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पडवीत बसून सुपात नाचणी पाखडत होत्या आणि अण्णा त्यांच्या समोरच्या बाकावर चहा घेत होते. तुमचे गाव पहिल्यापासून इथेच का, असे अण्णांनी विचारले. आजींनी सूप खाली ठेवले आणि पाण्याकडे बोट केले. "गाव तिथं खाली हाय. मी लगीन होऊन आले आन दुसऱ्या साली पाणी आलं."

साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी अडू लागले, तेव्हा या खोऱ्यातील गावे उठली. काही घरे वर डोंगराच्या अंगाला सरकली, काही कुटुंबांना ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा दूरच्या जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या. आजींच्या माहेरची माणसे ठाणे जिल्ह्यात गेली आणि त्यानंतर आईची भेट वर्षा-दोन वर्षांनी एकदा होऊ लागली. सासरच्यांनी डोंगर चढून नवे घर बांधले. ते जेमतेम उभे राहिले असेल नसेल तोच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि तान्ह्या मुलाला पदराखाली घेऊन त्यांनी पुढच्या कित्येक रात्री अंगणात काढल्या. हे सगळे त्यांनी आवाज न चढवता सांगितले, मध्येच थांबून नाचणीतला खडा काढत.

अण्णांनी मग त्यांना २०१९ चे सांगितले : भिंतीवरच्या रेघा, गच्चीवर काढलेल्या रात्री, भिजून गेलेली कागदपत्रे आणि वाया गेलेले धान्य. आजींनी सगळे लक्ष देऊन ऐकले आणि हळहळल्या. नंतर म्हणाल्या, "तुमच्याकडं पाणी येतं आन जातं. आमच्याकडं आलं त्ये ऱ्हायलं."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पिशवीतून आपली वही काढली आणि आजींना विचारले की, पाण्यात गेलेल्या तुमच्या खाचरांना नावे होती का. होती. वडाचं, लवणातलं, देवाचं, थोरलं, उंबराखालचं. आजी एकेक नाव सांगत गेल्या, कोणत्या खाचरात किती भात व्हायचे तेही त्यांना आठवत होते, आणि अण्णा ती नावे ऑगस्टमधल्या विसर्गाच्या आकड्यांखाली लिहून घेत गेले. मी पडवीच्या पायरीवर बसून हे पाहत होतो. माझ्या वडिलांना एखाद्या अनोळखी माणसाशी इतके मनापासून बोलताना मी कधी पाहिलेले नाही.

अशी सकाळ प्रत्येक पाहुण्याच्या वाट्याला येईल असे मी म्हणणार नाही, आणि आजींकडून गोष्टी ऐकण्याच्या अपेक्षेने कोणी जाऊही नये. या घराचे मोठेपण माझ्या मते असे आहे की, पाहुण्यांपुढे मांडायचा देखावा म्हणून तिथे काहीही केले जात नाही. चूल आहे कारण रोजचा स्वयंपाक चुलीवर होतो. अंगण सारवलेले आहे कारण त्यावर थोड्या दिवसांत भात झोडायचे आहे. ग्रामीण अनुभवाच्या नावाखाली फेटे बांधून बैलगाडीत बसवणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत. तिथून परत येताना गावाविषयी आपल्याला काहीच कळलेले नसते.

दुसऱ्या रात्री दहाच्या सुमारास वरच्या खाचरांकडून डबे वाजवल्याचा आणि हाळ्यांचा आवाज आला. गवे उतरले होते. हा परिसर कोयना अभयारण्याच्या आणि २०१० साली घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा आहे, आणि पिकत्या भाताची रात्र-रात्र राखण करणे हा इथल्या शेतीचा भागच झाला आहे. दादा कंदील घेऊन गेले ते पहाटे आले, आणि तरीही साडेसहाला अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला होता.

गैरसोयी लिहितो. संडास आणि न्हाणीघर खोलीपासून वीस पावलांवर, बाहेर आहे, आणि कमोड नाही. वयस्कर माणसाला रात्री-अपरात्री हे जड जाते. बॅटरी दिली जाते, पण तेवढ्याने भागत नाही. दादांना मी स्पष्टपणे सुचवले की, एका खोलीला तरी आतून सोय करावी, आणि ते त्यांनाही पटले. पहिल्या रात्री आठला गेलेली वीज पहाटेपर्यंत आली नाही. दोन खोल्यांमधली भिंत पातळ आहे, शेजारचे बोलणे ऐकू येते. फोनची रेंज घरात अजिबात नाही, शाळेपाशी गेल्यावर थोडी मिळते, त्यामुळे पैसे फोनवरून देता येत नाहीत. रोख रक्कम जवळ ठेवणे आवश्यक आहे. औषधेही पुरेशी न्यावीत, कारण डॉक्टर हवा तर आधी होडी हवी.

आणखी एक तक्रार आहे, ती या घराविरुद्ध नाही. अलीकडच्या काठावरील कोणत्या तरी तंबूंच्या मुक्कामावर शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत मोठ्याने गाणी लावलेली होती. पाण्यावरून आवाज किती लांब जातो याची कल्पना लावणाऱ्यांना नसावी. आजी नऊला झोपतात. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. या घरात मद्य आणि मोठे संगीत चालत नाही, हे ठरवतानाच सांगितले जाते, आणि तो नियम मला पूर्णपणे योग्य वाटतो.

दर माणशी रोजचे १,४०० रुपये पडले. त्यात दोन जेवणे, न्याहारी आणि दोन वेळचा चहा आला. होडीचे भाडे वेगळे. जे मिळाले त्याच्या मानाने ही रक्कम मला कमी वाटते. निघताना पाच किलो तांदूळ आणि दोन किलो नाचणी विकत घेतली, तीही वजनाला चोख होती. वासोट्याला जाणाऱ्यांना या मुक्कामाचा उपयोग होऊ शकतो, मात्र त्यासाठी वनखात्याची परवानगी बामणोलीला घ्यावी लागते, तेव्हा तो बेत आधीपासून आखावा. आम्ही गेलो नाही. लहान मुले असतील तर पाण्याच्या काठाकडे सतत लक्ष हवे, तिथे कुंपण नाही. जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत खोल्या बंद असतात. आमच्या सांगलीत वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि महाबळेश्वराच्या या अंगाला पाच हजारांच्या वर. त्या दिवसांत होडीचा भरवसा धरता येत नाही.

निघताना आजी धक्क्यापर्यंत येऊ शकल्या नाहीत, अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावातील घरांची जोती उघडी पडतात आणि ओल्या जमिनीवर काही जण गाळपेर करतात, असे त्यांनी अण्णांना सांगितले होते. तेव्हा या, थोरलं खाचर दावते, असे त्या पुन्हा म्हणाल्या. त्या दिवसांत होडीपासून घरापर्यंतचे अंतर वाढते आणि वाट चिखलाची असते, हे दादांनी आम्हाला बजावले आहे. तरीही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यासाठी एक खोली सांगून ठेवली आहे आणि अण्णांनी आतापासून रोज सकाळी कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या चढण्या-उतरण्याचा सराव सुरू केला आहे.